रोम की लिस्बन?

मे महिन्याच्या सुट्टीचा बेत आमच्या उपनगरांतील घरांत हल्ली नाताळाच्या सुमारासच शिजू लागतो. पूर्वी वेलंकणी, जुने गोवे, फार तर आखातात नोकरीस असलेल्या मुलाकडे महिनाभर, एवढीच आपल्या प्रवासाची सीमा असे. आता अंधेरीच्या आंबोलीपासून मुलुंडपर्यंतची कुटुंबे युरोपचा विचार करतात. मुले मिळवती झालेली असतात, आजीचे गुडघे अजून चार पावले टाकण्याजोगे असतात, आणि मग रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हाला प्रश्न येतो : ‘फादर, रोमला जावं की लिस्बनला?’ रोममध्ये पोप महाशय आहेत, संत पेत्राची कबर आहे. लिस्बनहून फातिमा जवळ आहे, शिवाय आपली आडनावे तिकडची. दोन्ही नगरे एका दमात करावीत तर पैसा पुरत नाही, आणि आजीही पुरत नाही.

प्रवासाची व्यवस्था पाहणारा माणूस या प्रश्नाचा निकाल दोन मिनिटांत लावील. आम्हाला मात्र तो ऐकला की थबकायला होते. साष्टीच्या ख्रिस्ती माणसापुढे हा प्रश्न काही पहिल्यांदाच आलेला नाही. तीनशेहून अधिक वर्षे तो आपल्या पूर्वजांपुढे उभा होता. मात्र सुट्टीचा बेत म्हणून नव्हे, तर आपण कोणाच्या आज्ञेत राहायचे म्हणून. एका बाजूला लिस्बनचा राजा, दुसऱ्या बाजूला रोमचे परमगुरू. त्या ओढाताणीत गावे दुभंगली, घरे दुभंगली. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ही हकीकत माहीत असावी असे आम्हास वाटते. न पेक्षा आपण तेथे जाऊन राजवाडे, चर्चे पाहू, छायाचित्रे काढू आणि आपलाच इतिहास डोळ्यांसमोर असून न ओळखता परत येऊ.

लिस्बन आपल्या गावांत शिरले ते २३ डिसेंबर १५३४ या दिवशी. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याला मोगलांचे भय होते. त्याने तह करून वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी आली आणि मुंबईची बेटेही आली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे, अशी या नावाची फोड सांगतात. या गावांतील कुणबी, कोळी, भंडारी, आगरी यांपैकी कोणालाही कोणी विचारले नाही. तशी त्या काळी कोठेच रीत नव्हती. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यांत फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांनी प्रार्थनामंदिर केले आणि टेकडीवर मठ उभा राहिला. लेण्याच्या एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेल्या त्या जागी उभे राहिले म्हणजे मनात दोन भावना एकाच वेळी येतात. आपल्या श्रद्धेचे मूळ येथे रुजले म्हणून कृतज्ञता वाटते, आणि दुसऱ्याचे देवस्थान घेऊन ते रुजले म्हणून मान खाली जाते. यांतली एकच भावना बरोबर घेऊन जो लिस्बनला जाईल, त्याला ते नगर अर्धेच दिसेल.

पुढे येशूसंघीय आले. १५७९ साली अंधेरीच्या पूर्वेस कोंदिविटे येथे त्यांनी संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने चर्च बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गावाची दैना झाली, तेव्हा लोकांनी मरोळला नवे चर्च उभारले व जुने तसेच सोडले. त्याच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणात, संगणकाच्या नि दागिन्यांच्या कारखान्यांमध्ये उभ्या आहेत. कामावर जाणारी आपलीच मुलेमुली रोज तेथून जातात, आणि जेरोनिमोसचा मठ पाहण्यासाठी मात्र आठ हजार किलोमीटरचा प्रवास आखतात.

राजाला या गावांत रस होता तो प्रथम महसुलापुरता. सिमाँव बोतेल्यू नावाच्या अधिकाऱ्याने १५५४ साली पोर्तुगीज हिंदुस्थानच्या उत्पन्नाची नोंदवही तयार केली. तिला ‘तोंबो’ म्हणतात. वसई, साष्टी, मुंबई या भागांतील गावांचे उत्पन्न किती, कोणत्या जागेचा खंड किती, हे तीत लिहिलेले आहे. जमिनीच्या खंडाला पोर्तुगीज भाषेत ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या जुन्या दस्तऐवजांतील ‘फोरास’ जमिनी आणि फोरास रोड या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. खुद्द मुंबईचे बेट त्या काळी गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात तो या बेटाचा व तेथील आंब्याचा उल्लेख करतो. आंबा खाऊन झाला की पुढची हकीकतही सांगायला हवी. गार्सिया मूळचा यहुदी घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायासनाने, त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. हे न्यायासन गोव्यात १५६० पासून, मधला थोडा काळ सोडल्यास, १८१२ पर्यंत होते, व त्याचा अंमल वसईपर्यंत पोचत असे.

लिस्बनला गेल्यावर रोसियू या चौकात प्रत्येक प्रवासी जातो. चौकाच्या उत्तरेस जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी एके काळी इन्क्विझिशनचा वाडा होता. जवळच संत दोमिनिकचे चर्च आहे. १५०६ साली नवख्रिस्ती यहुद्यांची तेथून कत्तल सुरू झाली. चर्चसमोर त्याचे स्मारक २००८ मध्ये बसविले गेले. मुलांना तेथे उभे करून ही गोष्ट सांगण्यास आईबापांनी कचरू नये. पोप महाशय योहान पौल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. त्यांना ते लाजिरवाणे वाटले नाही, मग आपल्याला का वाटावे?

आता प्रवासाकडे वळू. आजच्या कुटुंबाला शेंगेन देशांचा व्हिसा लागतो. पोर्तुगाल व इटली दोन्ही त्या व्यवस्थेत असल्याने एकाच व्हिसावर दोन्ही नगरे होतात. अर्ज मात्र जेथे अधिक दिवस राहायचे त्या देशाकडे करावा लागतो, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बँकेची पत्रके, विम्याचा कागद, बोटांचे ठसे यांत माणूस त्रासून जातो. सोळाव्या शतकात हाच त्रास आपल्या माणसांना आपल्याच समुद्रात होता. अरबी समुद्रातून माल नेणाऱ्या हिंदी जहाजाला पोर्तुगिजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत घ्यावा लागे. तो नसेल तर जहाज व माल जप्त. परवान्याची ही रीत आपल्यापर्यंत प्रथम लिस्बनहूनच आली म्हणायची!

आणि तो मार्ग! लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये निघत, आफ्रिकेला वळसा घालत आणि वारा अनुकूल असला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यास लागत. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. मोझांबिकला मुक्काम पडल्यामुळे ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचले. तेरा महिने! फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे ज्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे मराठी भाषेत आपली मान ताठ आहे ते, रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, लिस्बनहून ४ एप्रिल १५७९ रोजी निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. कोंदिविट्याचे चर्च बांधले गेले तेच हे साल. पोचल्यावर त्यांनी इंग्लंडात आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वारे, दिशा, मासे, पक्षी, हिरड्या सुजवणारा आजार, सारे त्यात आहे. त्यात एक निरीक्षण आहे, ते कुटुंबवत्सल वाचकांना आवडेल : समुद्राचा त्रास पुरुषांपेक्षा मुले बऱ्या रीतीने सोसतात, आणि पुष्कळ स्त्रियाही तो प्रवास नीट पार पाडतात. विमानाच्या नऊ-दहा तासांत आमच्या परिचयातील काही कर्त्या पुरुषांची जी अवस्था होते ती पाहता फादर स्टीफन्स यांचे म्हणणे आजही खोटे ठरत नाही.

येणाऱ्यांची नावे इतिहासात पुष्कळ आहेत. येथून तिकडे गेलेल्यांची थोडी आहेत, म्हणून ती अधिक मोलाची. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रू याला धर्मगुरू व्हायचे होते; गोव्यात दार उघडेना. तो रोमला गेला, शिकला, तेथेच त्याची गुरुदीक्षा झाली आणि १६३७ साली रोमने त्याला बिशप करून विजापूरच्या आदिलशाही मुलुखासाठी परत पाठविले. लॅटिन विधीचा तो पहिला भारतीय बिशप. गोव्यातील पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांनी त्याला मान्यता दिली नाही. आयुष्यभर भांडून, थकून तो रोमलाच परतला व १६७७ मध्ये तेथेच वारला. आमच्या मते रोम-लिस्बन वादात भरडला गेलेला पहिला देशी धर्मगुरू तोच. त्याचा स्वभाव तापट होता असे त्याचे विरोधक लिहीत. असेलही, परंतु ज्याला घरच्याच दारात अडवले जाते त्याचा स्वभाव शांत राहावा ही अपेक्षाही थोडी जास्तच आहे.

दुसरी हकीकत तर सरळ कौटुंबिक सहलीचीच म्हणावी. काएतान व्हितोरिनो द फारिया आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन १७७१ साली गोव्याहून निघाले व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिस्बनला पोचले. या घराची कथा विलक्षण आहे. पतिपत्नींनी परस्परसंमतीने विभक्त होऊन आपापले आयुष्य देवाला वाहिले; आई जुन्या गोव्यातील संत मोनिकाच्या मठात गेली आणि बाप, जो विवाहापूर्वी धर्मगुरू होण्याच्या मार्गावर होता, तो पुन्हा त्या मार्गाला लागला. बापलेक लिस्बनहून शिकण्यासाठी रोमला गेले. मुलगा जुजे कुस्तोदिओ याची गुरुदीक्षा १७८० साली रोममध्ये झाली. तो परत लिस्बनला आला, राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचे सरदार-दरकदार पाहून त्याची बोबडी वळली. तेव्हा खाली बसलेला बाप कोकणीत पुटपुटला की ही सगळी भाजी आहे, काप भाजी! पोराच्या अंगात बळ आले आणि प्रवचन पार पडले. ही आख्यायिका आहे. पण चारशे माणसांपुढे पहिल्यांदा प्रवचन करणाऱ्या प्रत्येक तरुण धर्मगुरूला ती खरी वाटते, हे आम्ही खात्रीने सांगू. पुढे हाच मुलगा आबे फारिया म्हणून फ्रान्समध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. पणजीत मांडवीच्या काठी त्याचा पुतळा आहे.

तिसरा आपला वसईचा. संत गोन्सालो गार्सिया लिस्बनलाही गेले नाहीत नि रोमलाही नाहीत. वसईच्या मातेच्या पोटी जन्मलेला हा मुलगा जपानात गेला, व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला. ८ जून १८६२ रोजी रोममध्ये पोप महाशय पायस नववे यांनी नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले, त्यात त्यांचे नाव उच्चारले गेले. त्या महामंदिरात उभे राहताना आपल्या मुलांना एवढे तरी ठाऊक हवे की वसईच्या एका माणसाचे नाव येथे संत म्हणून घोषित झालेले आहे.

लिस्बनच्या राजवाड्याने मुंबईचा निकाल कसा लावला हे बहुतेकांना शाळेतून माहीत असते : २३ जून १६६१ च्या तहाने राजकन्या काथरिना इंग्लंडच्या राजाला दिली, आणि आंदणात मुंबई. प्रत्यक्ष ताबा १८ फेब्रुवारी १६६५ रोजी गेला. व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रू याने शक्य तितकी टाळाटाळ केली. पण लिस्बनची आज्ञा ती आज्ञा. त्या दिवसापासून माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द झाली. अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्रे-साष्टीत पोर्तुगीज. साष्टीतील पोर्तुगीज सत्ता १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर संपली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. युरोपीय मिशनरी निघून गेले. लोक राहिले, गोव्याचे व येथलेच धर्मगुरू त्यांच्यासोबत राहिले. १७६० साली आंकतिल द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे साजरे करताना त्याने पाहिले. राजा गेला म्हणून श्रद्धा गेली नाही. आपल्या इतिहासातील ही गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते, आणि तिचा उल्लेख आपल्या सणांच्या भाषणांत सर्वांत कमी होतो. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली.

राजा गेला, त्याचा हक्क मात्र गेला नाही. आणि खरी ओढाताण येथून पुढे आहे. परमगुरूंनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा आश्रयदाता नेमले होते. या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणतात : बिशप राजाने सुचवायचे, चर्चचा खर्च राजाने चालवायचा. सतराव्या शतकात राजाचे हात तोकडे पडू लागले, म्हणून १६२२ साली रोमने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपगांडा फिदे’ हे आपले स्वतःचे मंडळ स्थापन केले. रोममध्ये स्पॅनिश चौकात त्याचा वाडा आहे. बर्निनी व बोरोमिनी या दोघा परस्परविरोधी शिल्पकारांचा हात त्याला लागलेला आहे, हेही एका अर्थी शोभते. तेव्हापासून हिंदुस्थानात एकाच कॅथलिक श्रद्धेचे दोन कारभार सुरू झाले.

मुंबई बेटावर इंग्रजांनी १७२० साली गोव्याच्या धर्मगुरूंना बाहेर काढून प्रोपगांडाच्या कार्मेलाइट व्रतस्थांना आणले. लोकांनी तक्रारी केल्या, मधल्या काळात कारभार इकडून तिकडे झाला, आणि अखेर १७९४ मध्ये सरकारने बेटावरील चर्चे दोन्ही पक्षांत वाटून दिली. पुढची साठ वर्षे धुसफूस चालली. १८५३ च्या मार्चमध्ये माहीमच्या संत मायकलच्या चर्चमध्ये तिने टोक गाठले. धर्मग्रामातील मोठा गट पाद्रोआदोकडे जाऊ पाहत होता. प्रोपगांडाचे बिशप आनास्तासियुस हार्टमान आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये शिरले व तेथेच ठाण मांडून बसले. बाहेरून विरोधकांनी वेढा घातला, दाणापाणी अडवले. आपण येथे हुतात्मा होऊ, पण चर्च सोडणार नाही, ही बिशपांची भूमिका. पंधरवड्याने सरकारी अधिकाऱ्यांनी दारे उघडली आणि चर्च पाद्रोआदोकडे दिले. आत कॅथलिक, बाहेर कॅथलिक. आत रोम, बाहेर लिस्बन. दर बुधवारी ज्या माहीमला आपण नोव्हेनाला जातो, तेथेच हे घडले.

साष्टीतही त्याचे पडसाद उमटले. वांद्र्यात संत आंद्रेयाचे जुने चर्च पाद्रोआदोचे, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिलेले संत पेत्राचे चर्च प्रोपगांडाच्या येशूसंघीयांचे. एकाच गल्लीतील दोन घरे दोन घंटा ऐकून दोन दिशांना मिस्साला निघत. सोयरीक जुळवताना हुंड्याआधी हा प्रश्न येई. १८८६ मध्ये रोम व पोर्तुगाल यांत करार झाला. मुंबई सरधर्मप्रांत रोमच्या देखरेखीखाली आला. साष्टी व वसई मात्र पोर्तुगालच्या हक्कातील दमण धर्मप्रांतात गेली. म्हणजे इंग्रजांच्या राज्यात राहणाऱ्या अंधेरी-बोरिवलीच्या ख्रिस्ती माणसाचा बिशप कोण, हे ठरवताना लिस्बनचा शब्द लागे, आणि खाडीपलीकडच्या माहीमकराचीही तीच गत, कारण काही धर्मग्राम एकमेकांच्या हद्दीत तसेच राहू दिले होते. ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केले आणि आपण ‘पोर्तुगीज’ नव्हे, हे नावानेच जाहीर केले. त्यात नोकऱ्यांचा विचार होता हे खरे. तरीही इतरांनी आपणास कोणत्या नावाने ओळखावे हे आपण स्वतः ठरवण्याचा तो पहिला प्रसंग होता.

हा दुहेरी कारभार संपला तो १९२८ साली. साष्टी मुंबईच्या सरधर्मप्रांतात विलीन झाली. मात्र आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, अशी तोड काढली गेली. त्यानुसार आधी जोआकिम लिमा आले, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी हे आळीपाळीचे चक्र मोडावे म्हणून स्वतः बाजूला होण्याची तयारी दाखविली. १८ जुलै १९५० च्या कराराने पोर्तुगालने आपला हक्क सोडला, आणि त्याच वर्षी व्हालेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ च्या जानेवारीत ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. म्हणजे देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली तरी आमच्या धर्मप्रांताच्या दारावर लिस्बनची कडी होतीच. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल; आपल्या आजोबांच्या पिढीला वाटले नसते.

मुलुंड-घाटकोपरच्या वाचकांतून येथे कोणी म्हणेल की हा साष्टीकरांचा इतिहास झाला, आमचा काय? त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्या धर्मग्रामांत गोवेकर, मंगळूरकर, तमिळ, केरळी अशी सर्व कुटुंबे आहेत. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांचा तर याच ओढाताणीशी फार जुना संबंध आहे. १६५३ साली मट्टनचेरीला क्रूसाला दोर बांधून त्यांनी पाद्रोआदोच्या येशूसंघीयांची आज्ञा न मानण्याची शपथ घेतली होती. गोवेकर शेजाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा मार्ग उघडा ठेवतो. त्यामुळे एकाच इमारतीत एका घरी पोर्तुगीज पासपोर्ट निघतो आणि समोरच्या घरी, आडनाव तेच असून, निघत नाही. कारण साष्टी लिस्बनच्या हातून १७३७ सालीच गेली. अशा वेळी आमच्या कार्यालयात जुन्या बाप्तिस्म्याचे दाखले मागायला लोक येतात. आडनाव पाहून कोणाचे पूर्वज लिस्बनचे ठरत नाहीत. ती आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याची, धर्मगुरूची, कधी अधिकाऱ्याची मिळालेली आहेत. परेरा, रॉड्रिग्ज, डिमेलो या पाट्या लिस्बनच्या दुकानांवर पाहून मुलांना मौज वाटेल. ती जरूर वाटू द्यावी. पण ‘आपण आपल्या मूळ घरी आलो’ असे त्यांना कोणी सांगू नये. आपले मूळ घर एक्सर, वझिरा, चकाला, मरोळ, गोराई येथे आहे, आणि त्याच्या गावठाणाची मोजणी अजून धड झालेली नाही.

घरची ओळख तेथे पटेल ती आडनावांपेक्षा शब्दांतून. घराची किल्ली तेथे ‘शाव’, म्हणजे आपली चावी. ‘बाल्द’ म्हणजे बादली, ‘गामेला’ म्हणजे घमेले, ‘लेलाँव’ म्हणजे लिलाव, ‘मेश्त्र’ म्हणजे मिस्त्री. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, आणि महिन्याच्या एक तारखेला आपण ज्याची वाट पाहतो तो पगार. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू यांची यादी तर हॉटेलात बसल्या बसल्या मुले स्वतःच करतील. हे शब्द केवळ ख्रिस्ती घरांत राहिले नाहीत. सगळ्या मराठीने ते आपलेसे केले. लिस्बनपासून मिळालेले जे सर्वांत टिकाऊ, ते हेच असावे.

मग पाहावे काय? लिस्बनमध्ये बेलेंचा जेरोनिमोस मठ सगळेच पाहतात. तेथे वास्को द गामाची कबर आहे. तो सोमवारी बंद असतो, हे बेत आखताना ध्यानात ठेवावे. आम्ही सुचवू की संत रोकचे येशूसंघीय चर्च चुकवू नये. तेथील साक्रिस्तीत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनावरील आंद्रे रेइनोझो याची सतराव्या शतकातील चित्रमालिका आहे. साँव व्हिसेन्ते द फोरा येथे ब्रागांसा राजघराण्याचे दफनस्थान आहे, त्यात राणी काथरिना आहे. जिच्या आंदणात मुंबई गेली तिला ती कधी पाहता आली नाही. मुंबईकरांनी तरी तिला पाहून यावे. तोर दो तोंबो या राष्ट्रीय दप्तरखान्याचे मूळ घर किल्ल्याचा एक बुरूज होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या मिस्साच्या वेळी, महाभूकंपात तो कोसळला. कागद मात्र ढिगाऱ्यातून वाचविले गेले. ‘कासा दा इंडिया’ची दप्तरे त्याच दिवशी नष्ट झाली. १९९० पासून दप्तरखाना विद्यापीठ परिसरातील नव्या इमारतीत आहे. घरात इतिहास शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर अर्धा दिवस तेथे द्यावा.

रोममध्ये जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात आहे. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो रोमला, आणि शरीर जुन्या गोव्यात. क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेयाच्या चर्चजवळ फादर स्टीफन्स यांचे नवशिक्षण झाले. आजचे चर्च बर्निनीचे, नंतरचे आहे. मराठी वाचकाने तेथे घटकाभर बसावे असे आम्हास मनापासून वाटते. बुधवारच्या पोप महाशयांच्या जाहीर भेटीची तिकिटे विनामूल्य असतात. त्यांसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

आता राहिला काळ. १३ जून, संत अंतोनींचा सण, लिस्बनचा नगरोत्सव. आपण ज्यांना पादुआचे म्हणतो ते संत मूळचे लिस्बनचे. महामंदिरालगत त्यांच्या जन्मस्थानी चर्च आहे, आणि आदल्या रात्री सगळे जुने नगर रस्त्यावर उतरून मासे भाजते. परंतु तेव्हा आपल्याकडे पाऊस व शाळा दोन्ही एकदमच सुरू होतात. २९ जूनच्या संत पेत्र व पौल यांच्या सणाचेही तेच. सुट्टीत बसणारा मोठा दिवस म्हणजे १३ मे, फातिमाचा; लिस्बनहून ते स्थान सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्या दिवशी तेथे लाखोंची गर्दी असते, राहायला जागा मिळत नाही. आजी बरोबर असल्यास सणाच्या आठवडाभर आधी किंवा नंतर जावे, आणि व्हिसाच्या अर्जासाठी डिसेंबरातच कागदपत्रे गोळा करायला घ्यावीत.